सातवा पट्टा कोरडा आहे

ही सारी जमीन एकेकाळी समुद्राची होती आणि समुद्राने तिच्यावरचा हक्क मनापासून कधी सोडलाच नाही, असे एक वाक्य धाकट्याने फार पूर्वी मनाशी जुळवून ठेवले होते. नमुनाघरात येणाऱ्या पाहुण्यांना मात्र त्याने ते कधी ऐकवले नाही. पाहुण्यांसाठी पाणीखात्याने छापील भाषण दिले होते, आणि ते त्याला इतके पाठ होते की झोपेतून उठवले असते तरी तो पहिल्या बांधापासून शेवटच्या पंपापर्यंत न अडखळता जाऊन आला असता.

नमुनाघर म्हणजे कचेरीच्या मागची एक लांबट, थंड खोली. पूर्वी तिथे पंपांचे सुटे भाग ठेवत, त्यामुळे भिंतींना अजून वंगणाचा वास होता. मधोमध एका भल्या मोठ्या टेबलावर जिल्ह्याची प्लास्टरची प्रतिकृती मांडलेली होती: दोन नद्यांच्या मुखांमध्ये उघड्या तळहातासारखा पसरलेला सपाट प्रदेश, त्यावर समांतर ओढलेले कालवे, कालव्यांच्या मधले सात पट्टे, आणि सातव्या पट्ट्याच्या पलीकडे जुना बांध व निळ्या रंगाचा लाकडी समुद्र. हा समुद्र जमिनीहून उंच होता. नवखा पाहुणा हमखास विचारी, की बनवणाऱ्याचा काही घोटाळा झाला आहे का. धाकटा म्हणे, "नाही, तो वरच आहे." भाषणाबाहेरचे असे तो दिवसभरात एवढेच बोलत असे.

कागदोपत्री ती 'प्रतिकृती' होती, पण सातही पट्टे तिला 'नमुना' म्हणत. साहजिकच धाकट्याला, जो आधीच लाजाळू, मान खाली घालून चालणारा आणि कोणी हाक मारली की दचकणारा, लोकांनी नमुनाघरातला नमुना करून टाकले. घरात तो धाकटा, बाहेर नमुना. आपल्या वाट्याला स्वतःचे असे नाव फारसे आलेच नाही याचे त्याला वाईट वाटत नसे. नाव असले की कुणीतरी ते मोठ्याने घेते.

भाषणात इतिहास असा होता: आधी चिखल, लव्हाळे आणि पक्षी. मग बांध. बांधामागचे पाणी चरांतून काढले, तेव्हा वर आलेल्या काळ्या मातीत जे पेरावे ते उगवू लागले. कुजलेल्या लव्हाळ्यांची ती माती ओल्या स्पंजासारखी होती. पाणी काढले की ती आकसे. आकसली की जमीन खाली बसे. खाली बसली की पाणी पुन्हा भरे, आणि ते काढायला आणखी मोठा पंप लागे. भाषणात याला 'निरंतर प्रयत्न' असा शब्द होता. धाकट्याला तो उच्चारताना दर वेळी वाटे, की एखादा माणूस स्वतःच्या पायाखालची फळी कापत बसला आहे आणि आपण त्याच्या चिकाटीचे कौतुक करतो आहोत.

सातवा पट्टा सर्वांत खालचा. धाकट्याचे घर तिथेच होते. सहाव्या पट्ट्यातली घरे लांब खांबांवर उभी असल्याने तिथली जमीन बसली की दारात एक पायरी नव्याने जोडावी लागे. सातव्यातली घरे गरिबांची, बिनखांबांची. ती जमिनीबरोबरच गुपचूप खाली जात. पायरी कधी वाढत नसे. सातव्यातली माणसे याचाही अभिमान बाळगीत. सहाव्यातल्यांच्या लांबलचक जिन्यांकडे बोट दाखवून म्हणत, तुमची जमीन खचते आहे, आमची बघा, आजोबांच्या वेळची एक पायरी ती एकच आहे.

पण भाषणात नसलेला एक इतिहास होता, आणि तो प्रत्येक घराला ठाऊक होता.

जमीन नवी होती तेव्हा पट्टे वाटले ते एका अटीवर. ज्याला जमीन दिली त्याने ती कोरडी ठेवायची. कोरडी नाही राहिली तर ती त्याच्याकडून काढून पुढच्याला द्यायची, आणि पुढच्यांची रांग बांधावर बिछाने टाकून बसलेली. तपासायला एक साहेब येई. त्याच्याकडे कसलेही यंत्र नव्हते. तो दारात बूट काढी आणि पांढरे मोजे घालून सबंध घरातून फिरे. बाहेर आल्यावर एका पायावर उभा राहून दुसरा तळपाय उलटा करून बघे. मोजा कोरडा, तर पट्टा तुमचा. मोजा ओला, तर संध्याकाळपर्यंत गाडीत सामान.

आजोबांच्या पिढीने मग त्या मोज्यासाठी काय काय नाही केले? राख पसरली, भुसा पसरला, जमीन निखाऱ्यांनी शेकली. सातव्यात लाल पट्ट्यांची एकच जाड सतरंजी होती, म्हणतात. साहेब पुढच्या दाराने बाहेर पडला की ती मागच्या दाराने निघे आणि कुंपणावरून शेजारी पोचे. साहेबाने म्हणे एकदा अहवालात लिहिले, की या लोकांना लाल रंगाची भारी आवड दिसते. साहेब विचारी, "कसं काय?" आणि घोट्याएवढ्या पाण्यातून नुकतेच बाहेर आलेले आजोबा उत्तर देत, "कोरडं."

साहेब गेले, अट गेली, रांगही कधीच पांगली. शब्द राहिला. सातव्यात आजही वाटेत कोणी भेटले आणि "कसं काय?" म्हणाले, की उत्तर एकच. सोयरिकीला आलेला पाहुणा आधी विचारी, घर कोरडं आहे ना. कुणाचा धंदा बुडाला, तर तो 'ओला झाला'. एरवी 'ओलं' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. कपडे सुद्धा 'वाळायचे' असत. धाकट्याचे वडील जुन्या बांधावरचे पाण्याचे दार उघडायचे नि मिटायचे काम करीत. शेवटच्या आजारात त्यांच्या पायांत पाणी झाले होते, पाय उशांसारखे सुजले होते. डॉक्टरांनी वाकून विचारले, "कसं वाटतंय?" वडील म्हणाले, "कोरडं." ते त्यांचे शेवटून दुसरे वाक्य होते. शेवटचे पाण्याच्या दाराविषयी होते, आणि ते कोणाला नीट ऐकू आले नाही.

*

पाणीखात्याच्या नव्या अभियंता बाई नमुनाघरात आल्या त्या एका कोरड्या, वाऱ्याच्या सकाळी. वयाने धाकट्याहून थोड्या मोठ्या, आवाज बसलेला, आणि सवय अशी की कुठल्याही भिंतीपाशी गेल्या की तळहात टेकवून ती दमट आहे का ते बघत. त्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकले, असे सहसा कोणी करत नसे. मग समुद्रापलीकडून टेबलावर ओणवून त्या शांतपणे बोलू लागल्या.

जुना बांध पोखरला होता. नवा बांधायचा होता, पण पैसा एकाच बांधापुरता होता आणि त्यासाठी दोन रेघा कागदावर होत्या. एक लांब, सातव्या पट्ट्याला पोटात घेऊन समुद्राच्या कडेने जाणारी. दुसरी आखूड, सहाव्या आणि सातव्याच्या मधल्या कालव्यावरून. आखूड रेघ झाली तर सातवा बाहेर राहणार, जुना बांध जाईल तेव्हा जाईल, आणि माणसांना वर, जुन्या किनाऱ्याकडे, घरे देणार.

"यंत्रं सांगतात, जमीन खाली गेलीय," बाई म्हणाल्या. "पण नियम असा आहे, की घरात पाणी येतं, त्रास होतो, संरक्षण हवं, हे राहणाऱ्यांनी स्वतः सांगायचं. सुनावणीत. उभं राहून. सातव्यातून गेल्या कित्येक वर्षांत एकही तक्रार नाही. एकही. मग वरचे लोक म्हणतात, तक्रारच नाही तर लांब रेघ कशाला?"

त्यांनी विचारले, हे खरे आहे का, तिथे खरोखर पाणी येत नाही का. धाकटा प्लास्टरच्या सातव्या पट्ट्याकडे बघत राहिला. आपले घर त्याला तिथे दिसत होते, गव्हाच्या दाण्याएवढे. उधाणाच्या दिवसांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून, फरशीच्या सांध्यांतून, कसलाही आवाज न करता पाणी वर येई. खालून येणाऱ्या पाण्याला दार ठोठावण्याची गरज नसते. त्याने सांगायचे ठरवले, तोंड उघडले, आणि म्हणाला, "तुम्ही घरी या. बघा."

त्याच्या दृष्टीने ते फार मोठे धाडस होते. घर दाखवणे म्हणजे बोलण्याइतकेच, असे त्याने स्वतःला समजावले. कालव्याच्या काठाने चालताना बाईंचे बूट चिखलाने माखले, तेव्हा दाराशी येताच त्याला आईच्या स्वच्छतेची आठवण झाली आणि तो संकोचून म्हणाला, की बूट बाहेर काढले तर आईला बरे वाटेल. बाईंनी लगेच, भिंतीला हात टेकवून, एकेक बूट काढला.

आत पांढरे मोजे होते.

धाकट्याच्या ते लक्षात आले नाही. आईच्या आले. ती शिवणयंत्रावर पंपांसाठी कॅनव्हासची आवरणे शिवत बसली होती. ते यंत्र विटांवर उभे होते, यंत्र उंच म्हणून खुर्चीही विटांवर, आणि पायडल दाबता यावे म्हणून त्यालाही खाली खोके. घरातले सगळे असेच वर वर चालले होते: कपाट, धान्याचे डबे, विजेची बटणे, लग्नातला फोटो. आई दर दोन-चार वर्षांनी छताच्या जरा जवळ जाते, असा थोरल्या भावाचा जुना विनोद होता. त्या उंच खुर्चीवरून आईने दारात उभ्या असलेल्या बाईच्या पायांकडे पाहिले, आणि तिचा हसरा चेहरा दिवा मालवावा तसा मिटला.

"या ना," ती म्हणाली. "जरा थांबा हं, इथे काहीतरी घालते."

आणि तिने पेटीखालून सतरंजी काढून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अंथरली. लाल पट्टे जवळजवळ उडालेले होते. बाई तिच्यावरून चालल्या, भिंतीला तळहात टेकवला, चहा प्यायल्या, शिवण छान आहे म्हणाल्या. आईने विचारल्याशिवायच दोनदा सांगितले, की घर अगदी कोरडे आहे. बाई निघाल्या तेव्हा आई दारातून त्यांच्याकडे बघत राहिली, तळपाय उलटा करून बघतात का ते. बाईंनी मुकाट्याने बूट चढवले.

दिवस मावळायच्या आत सगळ्या सातव्या पट्ट्याला कळले होते, की बाईने दारात बूट काढले. पांढरे मोजे होते.

*

धाकट्याने त्या संध्याकाळी आईला समजावण्याचा जो प्रयत्न केला, तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत लांब संवाद असावा. त्याने दोन रेघा सांगितल्या. चमचा आणि उलथने ठेवून बांध दाखवला. आता अट उलटी आहे, पूर्वी ओलं म्हटलं की जमीन जायची, आता कोरडं म्हटलं की जाईल, हे त्याने तीन तऱ्हांनी मांडले. आई कॅनव्हासचे टाके दातांनी तोडत ऐकत होती.

"बाई चांगली आहे," ती शेवटी म्हणाली. "गोड आहे बोलायला. तुझ्या आजोबांचा साहेबही गोडच बोलायचा म्हणे. आजारी आहात का, त्रास होतो का, सांगा, संकोच करू नका. कोपऱ्यावरच्या घरातला एकजण सांगून बसला बिचारा. कुठे गेला पुढे, कुणाला माहीत नाही."

"आई, ते दिवस गेले."

"दिवस गेले, मोजे आले ना परत?"

 तो फक्त म्हणाला, की बूट काढायला आपणच सांगितले. आईने त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्याच्याकडे दयेने पाहिले, लहानपणी तो शाळेतून डबा हरवून आला होता तेव्हा पाहिले होते तसे.

"तुझं काय चुकलं त्यात? तू आपला भला माणूस." मग थोडे थांबून ती म्हणाली, "हे बघ, तुझे वडील मरताना बोलले नाहीत ते मी चारचौघांत उभी राहून बोलू? माझ्या घरात पाणी आहे म्हणून? जीभ वळायला नको का रे?"

तिच्या पायाखालच्या खोक्याचा तळ काळा पडून फुगलेला होता. दोघांनाही तो दिसत होता.

*

सुनावणी सातव्यातल्या शाळेच्या मोठ्या खोलीत, भर दुपारी झाली. लोकांना समजावे म्हणून नमुनाही तिथे आणला होता. धाकट्याने आणि दोन हमालांनी तो कालव्याकाठून उचलून आणताना लाकडी समुद्राचा एक कोपरा टवकला. बाकांवर सगळा पट्टा बसला होता, धुतलेल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखा. बाईंनी दोन्ही रेघा स्पष्ट समजावून सांगितल्या, धाकट्याने घरी सांगितल्या त्याहून कितीतरी चांगल्या. लोक ऐकत होते. पण पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या टेबलाखालून त्यांचे पाय बघायला वाकत होत्या. त्या दिवशी मोजे करडे होते. ही काही समाधानाची गोष्ट ठरली नाही, पाठीमागून कोणीतरी पुटपुटले, "बदलले बघ."

पहिल्यांदा पंपवाले काका उठले. चाळीसएक वर्षे पट्ट्याचा पंप त्यांच्याच हातात होता. बाईंनी विचारले, पंप रोज चालतो का.

"चालतो की. त्याला तरी घरी बसून काय करायचंय?"

खोली हसली. बाईही हसल्या. मग पंप चालतो तर पाणी येते कुठून, असे त्यांनी विचारले.

"ते पंपाला विचारा. पितो तो, आम्ही नाही." काकांनी टोपी काढून पुन्हा घातली, आणि हसू मावळल्यावर हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडे कोरडं आहे."

त्यानंतर एकेक जण उठत गेला. दुकानदार, गवंडी, दूधवाली मावशी, जिच्या गोठ्यातल्या गाई फळ्यांवर उभ्या असत. कोणी लांबण लावली नाही. प्रत्येकाने तोच एक शब्द उच्चारला आणि तो बसला. बाई लिहीत होत्या, आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचा हात अधिक सावकाश चालत होता, जणू पुढचे कोणी उठूच नये असे त्यांना वाटत होते.

मग आई उठली. क्षणभर, एकच क्षण, तिने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याला वाटले की काहीतरी होणार. तिच्या बोटाला पट्टी होती. त्या आठवड्यात यंत्राची सुई लागली होती, कारण खालचे खोके सरकून कलले होते. ते खोके का कलले हे सांगितले असते तरी पुरले असते.

"कोरडं आहे," आई म्हणाली, आणि फ्रॉकच्या घड्या सारख्या करीत बसावे तशी, लहान मुलीसारखी, खाली बसली.

 बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि नमुन्याशेजारी उभ्या असलेल्या धाकट्याकडे वळून विचारले, "तुम्ही इथलेच. तुम्हाला काही सांगायचंय?"

त्याला सांगायचे होते. स्वयंपाकघराचा कोपरा, विटा, खोक्याचा तळ, डबे पुन्हा पुन्हा वर सरकवणारी आई, सगळे त्याच्या जिभेमागे दाटीवाटीने उभे होते. पण समोर पहिल्या रांगेत ती बसली होती, तिचा शब्द अजून हवेतच होता, आणि त्यावर आपला शब्द ठेवायचा म्हणजे सगळ्या पट्ट्यासमोर आपल्या आईला खोटे पाडायचे. त्याच्या घशाला कोरड पडली. या कोरडेपणाचा एवढा राग त्याला पूर्वी कधी आला नव्हता. त्याने ओठ हलवले. आणि शब्द आले. न अडखळता, सुरेख, एकामागून एक आले.

"फार पूर्वी या ठिकाणी चिखल, लव्हाळे आणि पक्षी यांचे राज्य होते."

ते भाषण होते. आपण भाषण म्हणतो आहोत हे त्याला ऐकू येत होते, आणि एकदा सुरू झाल्यावर मध्ये कुठेही थांबायला त्यात जागा नव्हती; ते तसेच रचलेले होते. तो पहिला बांध, दुसरा कालवा, काळी माती, निरंतर प्रयत्न असे करत गेला. त्याचे हात सवयीने प्लास्टरवरून फिरत होते. बाई त्याच्याकडे बघत होत्या. आधी आशेने, मग न समजून, मग समजून. शेवटचे वाक्य आले: "आणि अशा रीतीने जी भूमी समुद्राची होती, ती कायमची माणसाची झाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सातव्यातल्या बहुतेकांनी ते भाषण पहिल्यांदाच ऐकले होते. पंपवाले काका बाहेर पडताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय रे नमुन्या, बोलतोस की छान. आम्हाला वाटलं मुका आहेस."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचेरीत बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने एका दमात सगळे सांगितले. तिथे आई नव्हती, बाक नव्हते. शब्द लगेच आले. आमच्या घरात पाणी येते. सगळ्यांच्या येते.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्याकडून निघाले ना, तेव्हा डावा मोजा पार भिजला होता. तशीच दिवसभर हिंडले."

त्याची नजर त्यांच्या बुटांकडे गेली.

"मला वाटलं, त्या स्वतःच बोलतील. मी कशी बोलणार? माझ्या मोज्याची साक्ष काढायची का?" त्या किंचित हसल्या, पण ते हसू टिकले नाही. घरी धुतलेले तेवढेच होते म्हणून ते मोजे घातले, हेही त्यांनी सांगितले. ती जुनी गोष्ट त्यांना पंपवाल्या काकांकडून सुनावणीनंतर कळली होती. तुम्ही आधी का नाही सांगितली, असे त्या म्हणाल्या नाहीत. सांगितले काय नि न सांगितले काय, कागद वर गेले होते.

"मी काल बोललो असतो तर?"

 एक आवाज झाला असता, त्या म्हणाल्या. कधी एक पुरतो, कधी नाही. शिवाय लांब रेघ झाली असती तरी जमीन बसायची काही थांबणार नव्हती. तुमच्या मुलांनी पुन्हा हेच बघितले असते. हे त्याचे सांत्वन होते की स्वतःचे, ते त्याला कळले नाही. त्याला मुले नव्हती.

आखूड रेघ मंजूर झाल्याचे काही दिवसांनी कळले. सातव्यात कोणी आरडाओरडा केला नाही. लोक एकमेकांना भेटत, "कसं काय?" विचारत, आणि उत्तर तेच मिळे. मात्र पंपवाले काका हल्ली ते उत्तर देताना खाली बघत. आईने थोरल्याकडे जायचे ठरवले. तो दूर, चढावरच्या शहरात राही आणि कधीपासून बोलावत होता. धाकट्याला कचेरीमागे एक खोली मिळणार होती. आईने शिवणयंत्राखालच्या विटा एकेक काढून भिंतीशी रचल्या. यंत्र जमिनीवर आले तेव्हा ते फारच बुटके दिसू लागले, आणि ती त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली, की लग्न होऊन आले तेव्हा हे एवढंच होतं, मी विसरूनच गेले होते.

नमुना दुरुस्त करण्याचे काम अर्थातच धाकट्याकडे आले. सहाव्या-सातव्याच्या मधल्या कालव्यावर मेणाचा नवा बांध बसवायचा, आणि पलीकडचा भाग रंगवून समुद्रात मिळवायचा. भाषणही थोडे बदलून आले होते. सातवा पट्टा त्यातून वगळला होता. पट्टे आता सहा होते. त्याने समुद्राचा जुना निळा रंग मिळवायचा बराच प्रयत्न केला, पण तो तयार होईना. नवा निळा किंचित गडद झाला.

आई गाडी पकडायच्या आधी नमुनाघरात आली. इतक्या वर्षांत ती तिथे कधीच आली नव्हती. जे रोज पायाखाली आहे ते टेबलावर मांडून काय बघायचे, असे तिचे म्हणणे असे. तिने टेबलाला हळूहळू एक फेरी मारली. समुद्र उंच का, असे तिने विचारले नाही. कालव्याच्या वळणावरून बरोबर अंदाज घेत ती थांबली, आणि ओणवून, गव्हाच्या दाण्याएवढा जो उंचवटा त्याने सर्वांत शेवटी, तासाभरापूर्वी रंगवला होता, त्यावर तिने बोट टेकवले.

बोट निळे झाले.

"ओलं आहे रे," आई म्हणाली.

वंगणाच्या वासाच्या त्या खोलीत तो शब्द कुठे ठेवावा हे दोघांनाही कळेना. तिने बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. धाकट्याच्या घशाला पुन्हा कोरड पडली होती, पण या वेळी त्याने पाठ केलेले काही म्हटले नाही.

"हो," तो म्हणाला.

त्याने तिला फडके दिले. नखाच्या कडेचा रंग काही निघाला नाही. मग तिने विचारले, की थोरल्याचे शहर यात कुठे आहे. ते यात नाही, टेबलाच्या बाहेर येते, जुन्या किनाऱ्याच्याही मागे, असे त्याने सांगितले आणि भिंतीजवळच्या रिकाम्या फरशीकडे हात केला. साधारण तिथे.

आई हातातली पिशवी सांभाळत त्या फरशीवर जाऊन उभी राहिली. तिथून तिने मान उंच करून टेबलाकडे पाहिले, मग टाचा वर करून पाहिले.

"इथून काही दिसत नाही रे," ती म्हणाली.